कोऱ्या कापडासाठी भिवंडीला

“चार तुझ्या, चार माझ्या, लोकांना वाटेल दोघींकडे आठ-आठ साड्या आहेत,” असं विमल बारा वर्षांपूर्वी म्हणाली होती. ठाण्याच्या वसतिगृहात आम्हां दोघींना एकच कपाट होतं. अंगाचं माप एक, ऑफिसं वेगळी. सोमवारी तिने नेसलेली निळी वायल गुरुवारी माझ्या अंगावर असे. रविवारी जी बाहेर जाईल तिची नारायणपेठ.

गेल्या वैशाखात, चाळिशी उलटल्यावर, विमलचं लग्न झालं. आपल्या चार साड्या आणि सामाईकातले निम्मे ब्लाऊज घेऊन ती भिवंडीला गेली. माझ्या चार साड्या उरल्या. साडी-ब्लाऊजची धड जोडी एकीचीही नाही. ऑफिसला आणि रविवारी, दोन्हीकडे चालतील असे चार ब्लाऊज शिवायचं मी ठरवलं. कापड भिवंडीहूनच आणायचं. खरं कारण कापड नव्हतं, हेही सांगून टाकते.

रविवारी आठची एसटी धरली. तिकीट सव्वा रुपया. कशेळीच्या पुलावर खिडकी मिळाली तर खाडीतल्या रेतीच्या होड्या दिसतात. पुढे रस्ता खड्ड्यांचा, डबा मांडीवर धरावा. नारपोली दिसण्याआधी ऐकू येते. शेकडो माग एकदम चालतात तेव्हा आवाज कानांपेक्षा दातांत जाणवतो.

रंगांची यादी घेऊन मी पहिल्याच कारखान्यात शिरले. निळा, तपकिरी, मोतिया, हिरवा. दाराशी कापडाची घडी घालणारे एक वयस्क गृहस्थ यादी वाचून हसले.

“बाईजी, रंग इधर नहीं मिलता. हम कोरा बुनते हैं, रंग बाहर जाके चढ़ता है.”

आतले सगळे तागे एकाच, ताकासारख्या रंगाचे होते. माझा चेहरा पाहून त्यांनी चार ब्लाऊजपुरता तुकडा कापून दिला. “रात भर पानी में रखना, माँडी निकलेगी. बिना भिगोए सिलाया तो धोने के बाद गुड़िया को पहनाना.”

माँडी म्हणजे सुताला दिलेली खळ. तिथून विमलच्या सासरी, कामतघरला चालत गेले. विमल दाराशीच चरख्यावर कांड्या भरत होती. मागाच्या धोट्यात बसणाऱ्या सुताच्या त्या लहान नळ्या. निळी वायल अंगावर होती, कापसाच्या तुसांनी पांढुरकी झालेली.

“नले, आज कशी?” ती म्हणाली. हात थांबला नाही.

“रविवार ना.”

“आमचा रविवार शुक्रवारी असतो गं.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “सून आज न्हाय मोकली, बाय. पोरगा मागावर हाय, कांड्या संपल्या का वरडल. तू शुक्रवारी ये ना.”

शुक्रवारी माझं ऑफिस. रजा काढता आली असती, पण नवरा घरी असतो असा विमलचा तो एकच दिवस. त्यात मी कुठे बसणार? तिच्याशेजारी बसून तिला रिकाम्या नळ्या देत राहिले. सासूबाईंनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. विमल एका हाताने जेवली.

निघताना तिने माझा तुकडा चाचपला. “रंगवू नकोस हं. रंग दिलास की एकीचाच होईल. कोरं चौघींवर चालेल.”

“चौघी कोण?”

“साड्या गं,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा हसली.

घरी आल्यावर कापड बादलीत भिजवलं. सकाळी पाणी पेजेसारखं झालं होतं. चार ब्लाऊज झाले, आणि विमल म्हणाली तसंच, चारी साड्यांवर शोभतात. आठवडा भागतो. तुम्ही गेलात तर शुक्रवार टाळा, माग बंद असतात. आणि रंगांची यादी घरी ठेवा. माझ्या कपाटातला एक खण मात्र मी अजून रिकामाच ठेवते.

काल तिला कार्ड टाकलं: “विमल, तू नाहीच म्हणशील, तरी विचारते. एका रविवारी कांड्या सोडून ठाण्याला ये. येताना निळी नेसून ये, जाताना माझी नारायणपेठ नेसून जा.”