पिशवीतला ऐनाचा तुकडा

पावसाळ्यात तलावाच्या पाळीवरून घसरून माझ्या नवऱ्याचं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तो सुतार आहे. दारं, चौकटी, बैलबंडीचं जू, एवढंच त्याला येतं. स्क्रू पिळायला पेचकस घेतला की तो ओठ आत ओढायचा. विचारलं तर म्हणायचा, काही दुखत नाही. खोटं बोलतो हे मला चहाच्या वेळी कळायचं. दुखत असलं की कप डाव्या हातात.

माजरीच्या खाणीत नोकरीला असलेला मुलगा फोनवर एकच सांगायचा, "पुरे झालं बाबा, इथी या, आराम करा." तो आराम मी पाहिला आहे. एकदा राहायला गेलो होतो, तर हा दिवसभर क्वार्टरच्या पायरीवर बसून लोकांच्या दाराच्या कड्या बघत राहिला. जेवण निम्म्यावर आलं. सुताराचा हात थांबला की सुतार बसतो, आणि बसलेला माणूस टिकत नाही. मला विधवा व्हायची घाई नव्हती.

तेवढ्यात गावातल्या एकाने नव्या घराची दारं करायला सांगितली. ती जमली तर काम चालू, नाही जमली तर माजरी. पेचकस तर हाताला झेपत नव्हता. म्हणून बॅटरीची मशीन घ्यायला आम्ही चंद्रपूरला गेलो. पिशवीत मी ऐनाच्या कठीण लाकडाचा एक वाळका तुकडा टाकला. नवीन हत्यार घ्यायला जाताना आपलं लाकूड न्यायचं, ही आमच्या घरची रीत. दुकानातलं लाकूड नेहमी मऊ असतं.

दुकानदार तरणा होता. "बाई, लाकूड काऊन आणलं जी? चुलीसाठी का?"

"मशीन चालली नाई तर तुमच्या डोक्यात घालाले," मी म्हटलं. तो हसला आणि दोन मशिनी पुढे ठेवल्या.

एक ड्रिल, दुसरी इम्पॅक्ट ड्रायव्हर. दिसायला बहिणी. ड्रिल लांब तोंडाची, भोकही पाडते आणि स्क्रूही लावते. इम्पॅक्ट आखूड. स्क्रू अडला की आतून ठोके देत पिळते. लहान भोक पाडायची टोकं, म्हणजे बिट, तिलाही लागतात, पण कडीकोयंड्याचं मोठं, साफ भोक ड्रिलचंच, असं त्याने सांगितलं.

"मंग ड्रिलच द्या," नवरा म्हणाला. "एका मशिनीत दोन कामं."

ऐनाच्या तुकड्यावर त्याने ड्रिल लावली. लांब स्क्रू सरसर गेला, शेवटी अडला, आणि मशीनच हातात गर्रकन फिरली. नवऱ्याने मशीन खाली ठेवली आणि हात सदऱ्याच्या खिशात घातला.

"मस्त हाये," तो म्हणाला.

ही घरी गेली तर दोन दारांत मनगट कायमचं जाईल आणि हा सांगणारही नाही.

"आना इकडे," मी म्हटलं. "मले पाहू द्या."

"तू का पाहतं? सुतार मी हावो."

"मोठ्या करवतीचं दुसरं टोक आजवर कोनं ओढलं?"

त्याने मशीन माझ्यापुढे सरकवली. मी ड्रिल चालवली. शेवटी तिने माझाही हात पिरगाळला, बांगड्या वाजल्या. मग इम्पॅक्ट घेतली. आवाज असा की रस्त्यावरचा माणूस वळून बघेल. पण स्क्रू पार बुडला आणि हात होता तिथेच राहिला. बुडला तो जरा जास्तच. ऐनाला बारीक चीर गेली.

"पाहा, लाकूड फाडते," नवरा म्हणाला.

"लाकूड दुसरं भेटते. मनगट कुठी भेटते?"

"अन् कडीचं भोक कोन पाडंल?"

"घरी हातानं फिरवायचं गिरमिट हाये. मी फिरवीन."

"लोकं पाहतीन तं का म्हनतीन?"

"म्हनतीन म्हातारी अजून कामाची हाये."

दुकानदार घड्याळाकडे बघत होता, मीही. गावात जाणारी शेवटची बस चुकली असती तर फाट्यावरून गावापर्यंत अंधारात पायी जावं लागलं असतं, आणि वाटेतल्या वळणावर वाघ बसतो. आम्ही इम्पॅक्ट घेतली. बसमध्ये तो खिडकीकडे तोंड करून बसला. मी पिशवी मांडीवर धरली आणि गाव येईपर्यंत मनात एकच, चुकलं तर?

नव्या हत्याराचं पहिलं काम घरचं, लोकांचं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी बकऱ्यांच्या गोठ्याचं दार घेतलं. पहिला स्क्रू त्याने भोक न पाडताच मारला. फळी काठापर्यंत उलली. त्याने मशीनला आणि मला मिळून एकच शिवी दिली. मग गुपचूप आधी बारीक भोक पाडलं, स्क्रूला साबण लावला आणि बटण हलकं दाबलं. बसला. मग पुढचा. मी कडीच्या जागी गिरमिट फिरवत होते, पण लक्ष त्याच्या ओठांवर होतं. ते बाहेरच होते.

दार लागल्यावर चहा केला. त्याने उजवा हात पुढे केला. कप थोडा कलला, पण चहा सांडला नाही. मी तो अर्धाच भरला होता.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. येता का, म्हणाला.

"दारं झाल्याबिगर नाई," मी सांगितलं, आणि भांड्यात उरलेला चहा त्याच्या कपात ओतला.