मागून बसलेला धक्का

आमच्या दगडूला पाठीमागून हाक मारली, की तो नुसतं तोंड वळवत नसे. आधी पाय, मग कंबर, मग छाती, असा अख्खा माणूस फिरायचा आणि म्हणायचा, "हां, बोला पाव्हणं." हाक मारणारा शेजारचा असला तरी पाव्हणाच.

हे तिसगावच्या बाजारातून येताना सुरू झालं. गतिरोधकावर आमची जीप हळू झाली आणि मागून एक कार येऊन धडकली. जीपला पोचा पडला, बाकी काही नाही. दगडू आणि मी मागच्या बाकावर मांडीला मांडी लावून बसलेलो. मी उतरून धोतर झटकलं. दगडू मान धरून बसला.

डॉक्टरनं गळ्याला पट्टा दिला, भाच्यानं वकील गाठून दिला आणि नगरच्या कोर्टात भरपाईचा दावा लागला. तेव्हापासून दगडूचा थाट बघावा. लग्नात आम्ही खाली पंगतीला. त्याला वाकता येत नाही म्हणून खुर्ची-टेबल. वाढपी आधी त्याच्याकडे. माझी बायकोसुद्धा त्याला चोळायला तेल गरम करून पाठवायची. मी म्हणालो, सोंग आहे. ती म्हणाली, "मंग तुमी बी बांधा की पट्टा."

दुखतं का विचारलं, तर दगडू म्हणायचा, "वरचं आभाळ दिसत न्हाई, खाली पायातलं दिसत न्हाई. मधलं समदं दिसतं." लोक हसायचे. तेच मी बोललो असतो, तर कुणी हसलं नसतं.

एकदा त्याच्यामागं जाऊन मी "साप!" म्हणून ओरडलो. पाय, कंबर, छाती. "कुठं हाय, पाव्हणं?" पक्का आहे, मी मनात म्हटलं.

कारवाल्याच्या विमा कंपनीच्या वकिलाला कळलं, की मला खरचटलंही नव्हतं. त्यानं मला साक्षीला बोलावलं. मी खुशीनं गेलो. धक्का किरकोळ होता, एवढंच सांगायचं होतं. मग दगडूचा दावा बुडाला असता आणि गावात तो खोटा ठरला असता. दगडू समोर ताठ बसलेला, माझ्याकडं बघत.

वकील म्हणाला, "म्हणजे कुठल्याही म्हाताऱ्याला त्या धक्क्यानं काही झालं नसतं?"

कुठल्याही म्हाताऱ्याला? माझं डोकंच फिरलं.

"साहेब, मी तालमीतला गडी हाय. ही मान हुती म्हनून टिकली. दुसऱ्या कुनाची असती तर मोडलीच असती."

वकील खाली बसला. निकाल दगडूच्या बाजूनं लागला.

पारावर दगडूनं सगळ्यांना सांगितलं, "दावा मी न्हाई, ह्याच्या मानेनं जिकला. असली मान तालुक्यात न्हाई." मला वाटलं, आता तरी लोक माझ्याकडं वळतील. लोक म्हणाले, दगडू किती दिलदार, दुसऱ्याचं कसं तोंडभरून कौतुक करतो.

मागच्या थंडीत तो गेला. दशक्रियेला जो उठला त्यानं हीच गोष्ट सांगितली, दिलदार दगडूची. साक्ष कुणी दिली, ती मान कुणाची, हे एकाच्याही तोंडून निघालं नाही. म्हणून हे मी माझ्या हातानं लिहून ठेवलंय.