उरलेले थेंब

तिचं नाव मी विचारलं नाही. वारज्यात जनावरांच्या दवाखान्यातल्या बाकावर ती शेजारी बसली होती. गळ्यात आयटी कंपनीचं कार्ड, मांडीवर तिचं मांजर, बोलणं नागपूरकडचं.

माझ्या पिशवीत बायकोची मांजर होती. बायको दिवाळीत गेली. मांजरीचे डोळे गळायला लागले, पिवळा चिकटा आला, तेव्हा बायकोच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे उरलेले थेंब मीच तिला घातले. मी त्या मुलीला बाटली दाखवली, कुणाची तेही सांगितलं.

"काय करून राहिले आजोबा! आत ओरखडा असला तर यानं डोळा जाईल हिचा."

"माझ्या बायकोला यानंच दिसायला लागलं होतं."

"आजीला. मांजरीला नाही."

तिनं दवाखान्यातून कोमट पाणी मागून घेतलं, त्यात कापूस भिजवला, नाकाकडून बाहेर हळू पुसलं, दुसऱ्या डोळ्याला नवा बोळा घेतला. मांजर गप्प राहिली. मला तर ती ओरबाडायची.

"मी फडक्यात आवळून धरतो हिला," मी म्हणालो.

"धरू नका. नुसते जवळ बसत जा."

डॉक्टरांनी थेंब बदलले. डोळा वाचला.

आता मी मांजरीजवळ बसतो. बायको सहा महिने अंथरुणावर होती. तिच्याजवळ मी असा एकदाही बसलो नाही.