बारा ते एक सुकती

मुलुंडच्या शाळेत मी मराठी शिकवायचे. लोकांच्या चुका सुधारण्याचा पगार मिळायचा, म्हणून ती खोड घरीही चालू असायची. दूधवाल्याच्या वहीतला ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारलेला आहे. रत्नप्रभाबाई गोवेकरांची माझी ओळख झाली तेव्हा हा रोग ऐन भरात होता.

बाई राहायच्या घाटकोपरला, भटवाडीत. माहेर रेवदंड्याचं, वडील तांडेल, दर्यात मचवा हाकायचे. नवरा दशरथ गिरणीत चौदा वर्षं बदली कामगार. बदली म्हणजे रोज सकाळी फाटकाशी जाऊन उभं राहायचं, आज कुणी खाडा केला का ते पाहायचं, आणि केला असेल तर त्याच्या जागी त्याच्या मागावर काम करायचं. एवढं करून तो कायम झाला नाही तो नाहीच. मग संप झाला, गिरणीच बंद पडली, आणि जागा कुणाचीच उरली नाही. तेव्हापासून बाई घरोघरी पोळ्या, लाडू, कार्याचं जेवण असं करत होत्या. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा यायच्या. बोलायच्या कमी, पण बोलल्या की पुढच्याने गप्प बसावं असं बोलायच्या.

माझा धाकटा भाऊ नंदकिशोर, म्हणजे नंदू, याने शहाऐंशी साली बरी चाललेली नोकरी सोडून सहलींचा धंदा काढला. पहिलीच सहल ठरवली ती एक दिवसाची: अलिबाग, चौल, रेवदंडा. ऐतिहासिक किनारी गावं, सोबत माहितगार. माहितगार होते विद्याधर सर, इतिहासाचे निवृत्त शिक्षक. सनावळ्या तोंडपाठ. सहलीला दहा दिवस राहिले आणि सर जिन्यावरून घसरले. गुडघा प्लास्टरमध्ये.

नंदू आमच्या स्वयंपाकघरात डोकं धरून बसला. "वाट लागली, ताई. बस ठरली, बेचाळीस माणसं झाली. आणि तो कुलाबा किल्ला भर समुद्रात. पाणी उतरलं तरच चालत जाता येतं. ते कधी उतरतं ते पण सरांनाच ठाऊक."

रत्नप्रभाबाई पोळी लाटत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सहल कोणत्या तिथीला?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. "अष्टमी."

"मग आठ पाऊण सहा. सहाला पानी भरनार, बाराला उतरनार. अष्टमीला भांगाचं पानी, जोर कमी, पुरतं नाय आटायचं. गुडघाभर र्‍हाईल. तासाभरात जाऊन परत यायचं, नाय तर नाद सोडायचा."

नंदूने डोकं सोडलं. त्याने बाईंना एकामागून एक प्रश्न विचारले. चौलचं रामेश्वराचं देऊळ, त्यापुढची पुष्करणी, रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट, सात मजली मनोरा. बाई सगळ्याची उत्तरं पोळी भाजता भाजता देत होत्या. शेवटी तो म्हणाला, "बाई, नाश्ता तर तुमचाच आहे. माहितीपण तुम्हीच सांगा. हा एक रविवार बघू. जमलं तर या सहलीला तुम्ही कायम. नाही जमलं तर सर बरे होईपर्यंत मी थांबेन."

'कायम' म्हटल्यावर बाईंनी गॅस बंद केला. त्या घरात तो शब्द किती वर्षं थांबलेला होता ते मला ठाऊक होतं.

दोन दिवसांनी बाईंनी कार्यक्रम सांगितला आणि मी पत्रकासाठी लिहून घेतला. साडेनऊला अलिबाग, नाश्ता. दहाला आंग्र्यांची समाधी. अकराला हिराकोट. "बारा ते एक सुकती," बाई म्हणाल्या.

मी लिहिलं, "१२ ते १ सुट्टी."

माझ्या बाजूने सांगायचं तर मला तो शब्द ठाऊकच नव्हता. सुकती म्हणजे ओहोटी, किनाऱ्यावर शेंबड्या पोराला कळतं. पण मी मुलुंडची, मराठीत एम.ए. मला वाटलं, बाई 'पाणी'ला 'पानी' म्हणतात, तसंच हे. तरी मी विचारलं, "आणि किल्ला?"

"सुकतीतच," बाई म्हणाल्या.

म्हणून मी कंसात लिहिलं, "इच्छुकांनी किल्ला पाहावा." वर माझ्या समजूतदारपणाचं मलाच कौतुक वाटलं. नंदूने न वाचता पत्रकं छापून आणली.

रविवारी पहाटे बस निघाली. काही मंडळी मुलुंडला चढली, काही घाटकोपरला, काही तर थेट बोरिवलीहून आली होती. बाई ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर बसल्या होत्या, अंगावर ठेवणीतली साडी, हातात खरखरणारा माईक. पेणपर्यंत त्या एक शब्द बोलल्या नाहीत. पुढे वडखळची मिठागरं दिसायला लागली आणि बाईंनी तोंड उघडलं. मीठ कसं पिकतं, आगरात बायका अनवाणी का चालतात, आंग्र्यांच्या आरमाराला इंग्रज का टरकून असायचे, सगळं गप्पा मारल्यासारखं. नंदूने मागे वळून मला अंगठा दाखवला. समाधी झाली, हिराकोट झाला. साडेअकराला बाई माईकवर म्हणाल्या, "मी म्होरं जाऊन पानी बघते. बाराला सुकती, ध्यानात ठेवा."

बेचाळीस जणांनी पत्रकात पाहिलं. सुट्टी. झकास.

बारा वाजता किनाऱ्यावर आम्ही सहा जण होतो. बाई, मी, नंदू, एक नवीन लग्नाचं जोडपं आणि द्रौपदीआजी नावाच्या सत्तरीच्या एक बाई, ज्यांना बाजाराचा कंटाळा होता. समोर किल्ला, मध्ये गुडघाभर पाणी आणि त्यातून सहज चालत चाललेली दुसऱ्या बसची माणसं. आमची माणसं कुठे होती? कांदे घेत होती. खानावळीत सुरमईची वाट बघत होती. एक अख्खं कुटुंब सुरूच्या झाडाखाली चादर पसरून घोरत होतं. किल्ला काही पळून जात नाही, जेवण झाल्यावर बघू, असा सगळ्यांचा हिशोब. इच्छुकांनी पाहावा, असं मीच तर लिहिलं होतं.

बाई धावल्या. पन्नाशीची बाई ठेवणीच्या साडीचा ओचा खोचून अलिबागच्या बाजारात धावत होती आणि एकेकाला हाताला धरून उठवत होती. नंदू दुसऱ्या बाजूने. सगळे गोळा झाले तेव्हा सव्वा वाजला होता.

बाईंनी पाण्याकडे पाहिलं. वाळूत पडलेली सुरूची एक काडी उचलून पाण्याच्या कडेला रोवली. मग म्हणाल्या, "पानी फिरलं. आता किल्ल्यात नेनार नाय."

गलका उठला. सगळ्यात वरचा आवाज होता द्रौपदीआजींच्या मुलाचा, श्यामसुंदर यांचा. बोरिवलीला राहायचे, बँकेत अधिकारी. पत्रक नाचवत ते म्हणाले, "अहो, इथे स्वच्छ लिहिलंय, बारा ते एक सुट्टी! आणि तुम्ही म्हणता उशीर झाला? ते बघा, लोक अजून पाण्यात आहेत."

"ते परत येतायत, साहेब. जायला गुडघाभर, यायला छातीभर. पोरं हायत, म्हाताऱ्या हायत."

नंदू बाईंच्या जवळ जाऊन हळूच म्हणाला, "बाई, पटकन जाऊन येऊ ना. अर्धा तास. नाहीतर माझं नाव पहिल्याच दिवशी खराब होईल. तुमचंही आजच ठरायचंय."

"ठरू दे काय ठरायचं ते," बाई म्हणाल्या. "मी नेनार नाय."

"मग जबाबदार कोण?" श्यामसुंदर ओरडले.

बाईंनी त्यांच्या हातातलं पत्रक घेतलं. वाचलं. सातवी पास बाई, अक्षर न् अक्षर लावून वाचायच्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी समुद्राकडे पाहिलं.

"जबाबदार मी," बाई म्हणाल्या. "वेळ मीच सांगितलेली. आन् साहेब, ती काडी बघा. मघाशी पान्याच्या कडेला व्हती."

काडी पाण्यात होती. तिच्या पुढे हातभर पाणी आलं होतं, आमचं भांडण चालू असताना. श्यामसुंदर चपला हातात घेऊन बसकडे निघाले. नंदू माझ्या कानाशी म्हणाला, "विद्याधर सर असते तर हे झालं नसतं, ताई."

तेव्हा मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. बेचाळीस माणसांसमोर, त्यातही दोघं माझ्या शाळेतले पालक, मला एक साधा शब्द कळला नाही हे सांगायची लाज वाटली. दुसऱ्याची नोकरी जात असताना मी माझी इभ्रत सांभाळत बसले. आजही ते आठवलं की स्वतःचीच चीड येते.

चौलला बाईंनी देऊळ दाखवलं, पुष्करणी दाखवली, पण आवाजातली जान गेली होती. लोकही जांभया देत होते. रेवदंड्याला पडक्या कोटातून आत शिरलो, माडांच्या सावलीत त्या उंच मनोऱ्याखाली बसलो, तेव्हा द्रौपदीआजींनी विचारलं, "काय गं, पाणी कधी फिरणार हे तुला अगोदर कसं कळलं?"

"त्यात काय, आजी. पाऊणकी येते ना, पाऊणचा पाढा?"

"येते की! आमच्या वेळी छडी मारून शिकवलीन्."

"मग तिथीला पाऊण लावायचा. येईल तेवढ्या वाजता भरती. त्यात सहा तास घाला, सुकती. माझा बाप घड्याळ वापरायचा नाय. आज तिथी कोन्ती?"

"अष्टमी. आठ पाऊण सहा," आजी म्हणाल्या आणि एकदम हरखल्या. "सहाला भरती, बाराला ओहोटी! अगं बाई!"

मग काय, दोघींनी तिथेच सुरू केलं. तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. मागच्या दोन म्हाताऱ्या सामील झाल्या. मग त्यांचे नवरे. पोरं बोटं मोजायला लागली. ज्याला त्याला आपापल्या वाढदिवसाची भरती हवी होती. श्यामसुंदर बँकेत मोठे आकडे हाताळायचे, पण सहा पाऊणला अडकले. आजींनी "साडेचार रे गाढवा" म्हणून सगळ्यांसमोर सुनावलं आणि पहिल्यांदा ती माणसं एकत्र हसली. बाईंच्या तोंडावर पुन्हा रंग आला. कोटाच्या दर्याकडच्या भिंतीशी नेऊन त्यांनी दाखवलं, जुन्या काळी गलबतं आत घ्यायची ती हाच हिशोब करून. पाणी सगळ्यांना सारखंच, सरकार कुणाचंही असो. विद्याधर सरांच्या सनावळीत हे मला कधी ऐकायला मिळालं नसतं.

परतीच्या वाटेवर, वडखळच्या अलीकडे, मी उठले आणि बाईंच्या हातून माईक घेतला.

"सुट्टी नव्हे, सुकती," मी म्हणाले. "बाईंनी बरोबर सांगितलं होतं. मला शब्द माहीत नव्हता. मी तो चुकीचा आहे असं समजून सुधारला. किल्ला तुमचा माझ्यामुळे हुकला. बाईंचा यात काडीचा दोष नाही."

माझ्या शाळेतल्या एका पालकाने मागून विचारलं, "बाई, किती मार्क कापायचे?" अख्खी बस खदखदून हसली. रत्नप्रभाबाई मला म्हणाल्या, "बसा आता जयंतीताई, गाडी हलते, पडाल."

श्यामसुंदर खिशातलं छोटं कॅलेंडर काढून काहीतरी पुटपुटत होते. एकदम म्हणाले, "पंधरा दिवसांनी रविवारी सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. म्हणजे ओहोटी सव्वाअकराला. नंदकिशोर, त्या दिवशी बस आहे का? आमच्या पाच जागा धरा. पण सांगायला ह्याच बाई हव्यात."

पनवेल येईपर्यंत एकोणीस जागा झाल्या होत्या. काही माणसं तीच, काही त्यांचे शेजारीपाजारी. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. मी शेजारी जाऊन बसले आणि विचारलं, "तिथेच माझं नाव का नाही घेतलंत?"

"पानी चढत व्हतं," त्या म्हणाल्या. "चूक कुनाची ते काढत बसलो असतो तर चारजन पान्यात शिरले असते."

आठच्या सुमारास घाटकोपरला बस थांबली. दशरथ नाश्त्याची भांडी न्यायला आला होता. नंदू खाली उतरला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही कायम."

बाई हसल्या नाहीत. "कागदावर द्या, नंदूभाऊ."

नंदू गोंधळला, पण त्याने माझ्याकडून पेन घेतलं, पत्रकाच्या पाठीवर बसच्या पत्र्यावर टेकवून चार ओळी लिहिल्या, खाली सही केली. मी वाचायला हात पुढे केला. बाईंनी तो कागद माझ्या हाताखालून काढून घेतला.

"तुमी र्‍हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "मी वाचते."

अक्षर न् अक्षर लावून त्यांनी वाचला आणि दशरथकडे दिला. दशरथने दुकानाच्या उजेडात जाऊन तो दोनदा वाचला. परत आला, एका हाताने पातेलं उचललं आणि चौदा वर्षांच्या सवयीने विचारलं, "कुनाच्या जागी?"

"माझ्याच," बाई म्हणाल्या.