छताला बूच

मिस्त्रींनी चाळीस वर्षांत एकशे बारा होड्या बांधल्या, पण त्यांच्या एकट्याच्या भरवशावर एकही पाण्यात गेली नाही. शेवटचा शब्द बायकोचा. होडी तयार झाली की आत नळीने पाणी सोडायचं आणि बायकोने बाहेरून प्रत्येक सांध्यावर तळहात फिरवत या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचं. ओल लागली तर ती म्हणायची, "इथे." नाही लागली तर, "सोडा आता." मिस्त्री पक्के हेकट, गिऱ्हाइकाच्या बापाचं ऐकायचे नाहीत. पण या तळहातापुढे त्यांचं काही चालत नसे.

पुढे किनाऱ्यावरची त्यांची शेड गेली आणि तिथे श्रीमंतांसाठी जहाजासारखी इमारत उभी राहिली. बारा मजले, गोल गोल खिडक्या, डेकसारख्या लांबलचक बाल्कन्या, पांढरेशुभ्र कठडे आणि गच्चीवर चक्क धुराडं. त्यातून धूर निघणार नव्हता, आत पाण्याची टाकी होती. "सोंग नुसतं," बायको म्हणाली आणि त्या रस्त्याने जायचंच तिने सोडून दिलं.

आणि नेमकं तिथलंच काम मिस्त्रींनी घेतलं. आर्किटेक्टबाईंना प्रवेशाच्या दालनाचं छत हवं होतं ते उलटी टांगलेली होडी असावी तसं, आणि वाफेवर फळी वाकवणारा दुसरा माणूस मिळेना. रिकामं बसून मिस्त्रींचे हात शिवशिवत होते. हो म्हणून मोकळे झाले. बायको चार दिवस बोलली नाही. जेवायला वाढायची, पण ताट जरा आवाज करून ठेवायची.

उलटं काम काही मिस्त्रींच्या डोक्यात बसेना. म्हणून इमारतीमागच्या गोदामात त्यांनी सरळ होडीच बांधायला घेतली. नंतर उलटी करून टांगता येईल. आणि एकदा होडी म्हटल्यावर हात थोडेच कुणाचं ऐकतात? सांध्यांत कापूस ठोकला, वर राळ भरली. तळाला पाणी काढायचं भोक पाडलं आणि त्याला लाकडी बूचही बसवलं.

पाहणीच्या दिवशी कंत्राटदाराला ते दिसलं.

"मिस्त्री, हे काय?"

"बूच."

"छताला बूच?" कंत्राटदार पोट धरून हसला. "वरून समुद्र येणार आहे का?"

मग सगळेच हसले. आर्किटेक्टबाई तेवढ्या म्हणाल्या, "असू दे. दिव्याची वायर त्यातून घेऊ." परवा होडी वर चढणार होती.

मिस्त्रीही हसले होते, दुसरं करणार काय? त्यांच्या मनाला वेगळंच लागून राहिलं होतं. ही एकशे तेरावी, बहुधा शेवटची, आणि हिच्यावर बायकोचा हात फिरलेला नव्हता. एकदा वर गेली की कुणाचाच हात पोचणार नव्हता. दुपारी जेवताना त्यांनी धीर करून विचारलं, "येतेस का एकदा?"

"जिला पाणीच लागायचं नाही तिला माझा हात कशाला?"

 मिस्त्रींनी विषय बदलावा म्हणून बुचाची गंमत सांगितली. बायकोचा घास हातातच राहिला.

"कोण हसलं?"

"सगळेच. अगं, गंमतच होती ती."

"तुम्हाला हसले?"

"तूही हसतेसच की मला."

"मी हसते ते वेगळं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गोदामाच्या दारात हजर. मोतीबिंदूने तिला धड दिसत नव्हतं. होडी कुठे आहे ते तिने राळेच्या वासावरून ताडलं. "पाणी सोडा," ती म्हणाली.

"मावशी, आतलं पॉलिश जाईल हो!" कंत्राटदार धावत आला.

"पाण्याने जाईल असलं पॉलिश होडीला लावलंत कशाला?"

 पाणी सुटलं. बायको तळहात टेकून निघाली, एकेक फळी, एकेक सांधा. अर्धा तास गेला. कुणी हसलं नाही. उलट कंत्राटदारानेच तिच्या पायाशी आलेला रंगाचा डबा उचलून बाजूला ठेवला.

मागच्या टोकाजवळ ती थांबली. "इथे."

मिस्त्रींनी हात लावून पाहिला. त्यांना कोरडं लागलं. तरी त्यांनी निमूटपणे पाणी काढलं, कापूस ठोकला, राळ भरली आणि पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा तिचा हात तिथे टेकला.

मिस्त्री वाट पाहत राहिले. एकाएकी त्यांच्या मनात आलं: ती म्हणणार तरी काय? सोडायची कुठे हिला?

बायको बराच वेळ फळीवर थोपटत उभी राहिली. मग मान वर करून, न दिसणाऱ्या आढ्याकडे पाहत म्हणाली, "टांगा आता."

मिस्त्रींनी खाली वाकून बूच उपसलं. पाणी धो धो वाहू लागलं. त्या आवाजात आपलं रडू कुणाला ऐकू जाणार नाही, असं त्यांना वाटलं. तिला ऐकू गेलं.