चाखून दिलेला दाणा

बाळांनो, तुमच्या आजोबांच्या मावसभावाइतका भित्रा माणूस शहापूर आणि मुरबाड या दोन्ही तालुक्यांत झाला नाही. मी त्यांना भावजी म्हणत असे. शहापूरच्या एका सरकारी कचेरीत ते कारकून होते, आमच्याच कुंपणापलीकडे एकटे राहत. लग्न केलं नाही, कारण ‘बायकोला काही झालं तर?’ विंचवाच्या भीतीने बारा महिने गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालत. पंख्याखाली झोपत नसत, कुकरची शिट्टी होईपर्यंत अंगणात उभे राहत. तानसा धरण फुटलं तर काय, या काळजीने त्यांनी ट्रंक कपाटावर चढवून ठेवली होती. ते पाणी आपल्याकडे येणार नाही, खाली वसईकडे जाईल, असं कोणीतरी समजावलं, तेव्हा ट्रंक खाली आली आणि वसईच्या भाचीला फोन गेला, “आजपासून पोटमाळ्यावर झोपत जा गो!”

पण सगळ्यात मोठी भीती अन्नाची. त्यात पाल पडली असेल, उंदराचं औषध सांडलं असेल. म्हणून दुसऱ्याच्या पानातलं ते आधी स्वतः चाखत. मुरबाडच्या एका लग्नात त्यांनी नवऱ्यामुलाच्या ताटातली जिलबी मोडून तोंडात टाकली, डोळे मिटून जरा थांबले आणि मग “हां, जेवा आता” म्हणाले. वरपक्ष खवळला. भावजी काकुळतीने म्हणाले, “अहो, मला काही झालं तर चालेल. याचं आजच लग्न झालंय.”

अशा माणसाने कोंबडा पाळला होता. बाजारात एका पाटीतून पिल्लू रस्त्यावर पडलं आणि ते ट्रकखाली जाईल या भीतीने भावजींनी ते खिशात घातलं, एवढंच निमित्त. अंड्यालाही न शिवणाऱ्या घरात तांबडा, काळ्या शेपटीचा, भलामोठा कोंबडा झाला. त्याचं नाव मामलेदार. “माझ्यावर न ओरडणारा मामलेदार एक तरी असावा,” असं ते म्हणत. त्याच्यापुढे तांदूळ टाकले की भावजी त्यातला एक दाणा आधी चावून बघत. पिल्लू असल्यापासून त्याने हेच पाहिलेलं. भावजींच्या तोंडात दाणा गेल्याशिवाय तो चोच खाली करत नसे.

नव्वदच्या दशकातल्या एका दिवाळीच्या तोंडावर हा मामलेदार संध्याकाळी घरी आला नाही. भावजींचा चेहरा पांढरा पडला. तेव्हा बिबट्या आमच्या बाजूला येत असे, शेजारची शेळी नुकतीच गेली होती. सकाळी ते कुंपणापाशी उभे. “वहिनी, आज वाघबारस आहे.” मला पुढचं सांगावं लागलं नाही. त्या दिवशी डोंगराकडच्या ठाकरांच्या वाडीत वाघोबाला पूजतात, वर्षभर आमच्या गुरांना शिवू नकोस म्हणून विनवतात, आणि कोंबडा देतात.

आम्ही निघालो. पिकलेल्या भाताच्या बांधावरून, मग सागाच्या रानातून. पान वाजलं की भावजी माझ्या मागे आणि मी त्यांच्या मागे. एवढ्यात ढोल ऐकू आला. हा भित्रा माणूस गमबूट आपटत चक्क धावत सुटला!

शेंदूर लावलेल्या दगडापुढे मामलेदार उभा होता. गळ्यात झेंडूचं फूल, पुढे तांदळाचे दाणे, बाजूला कोयता. भोवती सगळी वाडी श्वास रोखून.

“माझा आहे हो तो,” भावजी धापा टाकत म्हणाले.

म्हातारा भगत शांतपणे म्हणाला, “तुमचा असंल, भाऊ. पन काल सांजचा आपल्या पायानं आला, दगडावर बसला. आमी म्हनलं, देवानंच धाडला. आता देवापुढं उभा हाय, आता त्यालाच इचारायचं. दाना टिपला तर देवाचा. नाय टिपला तर देवाला नको.”

“कवाधरनं उभा हाय मुडदा,” एक म्हातारी करवादली. “एवढा मोठा झाला नि दाना खायाला येत नाय! कोनी शिकवलाय रं याला?”

मामलेदाराने भावजींना पाहिलं आणि मान उंच केली. भावजी खाली बसले. “तांदूळ जुने तर नाहीत ना? औषध मारलेले?” असं पुटपुटत त्यांनी सवयीने एक दाणा उचलला. तो दाणा त्यांच्या तोंडात गेला की कोंबडा खाणार होता. मी ओरडायला तोंड उघडलं. दाणा ओठांपाशी गेला. कोंबडा बघतोय. भावजींनी त्याच्याकडे पाहिलं, आणि हात खाली आला. त्यांनी तो दाणा न चाखता परत ठेवला.

मामलेदाराने दाण्यांकडे पाठ फिरवली आणि येऊन गमबुटाला टेकून बसला.

ढोल थांबला. भगत हसला. “न्या तुमचं लेकरू. वाघोबाला आज नारळच चालंल.”

परतीच्या वाटेवर कोंबडा छातीशी धरून भावजी रडत होते. वाटलं, आनंदाने. पण नाही. “वहिनी, नारळाने वाघोबाचं भागलं नाही आणि वाडीतलं वासरू गेलं तर?” पुढे दर वाघबारसेला ते स्वतः वाडीत मोठा नारळ पोचवून येत. खोबरं चाखून बघता येत नाही, याची मात्र त्यांना हुरहूर लागायची.

काही वर्षांनी भावजी झोपेतच गेले. इतक्या गोष्टींना भ्यायले, पण ज्याला भ्यायला हवं ते त्यांना कळलंसुद्धा नाही. घर माणसांनी भरलं. मामलेदार कुंपणाशी उपाशी उभा होता. मी तांदूळ टाकले, तो हलला नाही. मी इकडेतिकडे पाहिलं आणि एक दाणा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला. कच्चा, कडक दाणा. डोळे मिटून जरा थांबले.

मग त्याने चोच खाली केली.