कार्बनची सायकल

आमच्या कचेरीतले आवक-जावक कारकून पन्नाशीला आले होते. नव्वदनंतरच्या त्या वर्षांत सगळ्यांनी स्कूटर घेतल्या, तेव्हा हेही जुनी सायकल बदलायला निघाले आणि पुण्याच्या एका शर्यतवाल्याकडून कार्बन फायबरची रेसिंग सायकल घेऊन आले. नगर जिल्ह्यात तशी सायकल आम्ही कुणी पाहिली नव्हती.

पँटच्या पायाला रबर लावून ते रोज पारनेरकडचा चढ चढून यायचे. कुणी हसलं, की मान वर न करता विचारायचे, "बरं, मग?"

एके दिवशी नव्याने बदलून आलेल्या साहेबांनी पोर्चमध्ये सायकल पाहिली.

"ही मागं, शिपायांच्या सायकलींत लावा. इथं गाड्या लागतात."

"ही गाडीच हाय, साहेब."

"मग स्कूटर घ्यायची की! पगार मिळतो ना?"

"स्कूटर बी घेता आली असती. पन मला हीच पायजे हुती. जरा उचलून तर बघा."

साहेबांनी नाइलाजाने दांडीला हात घातला आणि सायकल अलगद वर आली. साहेबांचा चेहराच बदलला. ते काही बोलायच्या आत कारकुनांनी सायकल परत घेतली, होती तिथेच लावली आणि टेबलाशी जाऊन टपाल फोडायला लागले.

मी स्कूटर घेतली होती ती सगळ्यांनी घेतली म्हणून. मला नक्की काय पाहिजे होतं, हे त्या दिवशी कुणी विचारलं असतं, तर मला सांगता आलं नसतं.